मास्तरांनी कॉम्प्युटर आतून झाडला

खंडेनवमीला हत्यारं पूजेत मांडायची तर आधी पुसून-झाडून घ्यायची, हा लातूरजवळच्या मुरुडच्या रेणुकादास मास्तरांच्या घरचा दंडक. विळी झाली, शिलाई मशीन झालं, मग मास्तरांनी कॉम्प्युटर बाहेरून पुसला. तिथंच थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण माणूस पडला टापटिपीचा! त्यांनी तो आतूनही झाडला. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सच्या पोटात सारख्याच नावाच्या चार गलेलठ्ठ फायली निघाल्या. "एवढ्या कशाला अडगळ?" म्हणत मास्तरांनी चारही उडवल्या. त्यातच लिनक्सचा प्राण होता.

पुन्हा चालू केला तर काळा पडदा. आणि त्या पडद्यामागे बायकोचा, विशाखाबाईंचा, सात वर्षं लिहिलेला पीएचडीचा प्रबंध, चार दिवसांनी विद्यापीठात जमा करायचा. अख्ख्या प्रबंधाची दुसरी प्रत नाही. कारण "लिनक्सला काय होत न्हाई" हे सात वर्षं मास्तरच सांगत आले होते.

विशाखाबाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि फोन घेऊन गच्चीवर गेल्या. मास्तरांनी लातूरच्या मलप्पाला, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला, फोन लावला.

"अय्यो सर! पार मुळापासून उपटलंत की!"

"तू ये रे लगेच!"

"आज? माझे पाने-पेचकस पूजेत हायत. उद्यापर्यंत शिवायचं न्हाई."

"मी मरायलोय रे इथं!"

"मग तोंडानं सांगतो. तोंड काय पूजेत मांडलं न्हाई. मी दिलेला पेनड्राइव्ह काढा, त्याच्यावरून चालू करू."

पेनड्राइव्ह पाटावर होता, विळीशेजारी, कुंकू लावून. राखणीला मास्तरांची आई कोंडाबाई.

"हात लावून तर बघ!"

"आई, कॉम्प्युटर मरायला टेकलाय."

कोंडाबाईंनी विचार केला. "आजारी हाय व्हय? मग हे हत्यार न्हाई, औषध हाय. ने."

तीन तास मलप्पा एकेक अक्षर सांगत होता आणि मास्तर घाम पुसत टाइप करत होते. एकदा तर मलप्पा किंचाळला, "थांबा सर! एंटर दाबाल तर उरलंसुरलंबी जाईल!" मास्तरांनी बोट असं उचललं, जणू खाली विंचू होता.

पाचला पडदा उजळला. प्रबंध जागेवर! मास्तर दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेले.

"अहो, परत आला! सगळाच्या सगळा!"

विशाखाबाईंचा चेहरा उतरला. "हे काय करून बसलात? त्यात तिसरं प्रकरण कुठं लिहिलंय मी? नुसतं शीर्षक हाय. आत्ताच गाईडसरांजवळ रडले, सगळं गेलं म्हणून. सहा महिने वाढवून दिलेत त्यांनी. उद्या सोनं द्यायला येतेत, कॉम्प्युटरबी बघनार हायत!"

दसऱ्याला गाईडसर आले, तेव्हा मॉनिटरची वायर मास्तरांनीच गुपचूप उपसून ठेवली होती. सरांनी वाकून काळा पडदा पाहिला. मग हळूच म्हणाले, "बाई, आता सांगायला हरकत न्हाई. तुम्ही तपासायला दिलेली पहिली दोन प्रकरणं वर्षापूर्वी माझ्याकडून हरवलीत. कोणत्या तोंडानं सांगावं, कळत नव्हतं."

"जाऊ द्या सर," विशाखाबाई म्हणाल्या, "आता सगळंच गेलं."

आणि दोघांनीही मोठ्या समाधानानं मास्तरांकडे पाहून मान हलवली.