एक फोन, चार अभिनंदनं

शनिवारी संध्याकाळी वैनो कांगस घरामागच्या सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, शिरला तो हातात झाकणाचा फोन घेऊनच. ग्रीन बेला राहणारी मुलगी, जोलीन, संध्याकाळी फोन करणार होती आणि सौनाही संध्याकाळीच तापायचा. दोन्हीपैकी एक पुढे ढकलावं असं त्याला सुचलं नाही. त्याने फोन वरच्या फळीवर ठेवला, तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं आणि डोळे मिटून पाठ शेकत बसला. फोन वाजला तेव्हा त्यातून बदकासारखा आवाज आला. उघडायला गेला तर झाकण पाक ओढल्यासारखं लांब झालं.

"गेला," टॉवेल गुंडाळून घरात येत वैनो म्हणाला.

"कोण?" त्याच्या बायकोने, एलमाने, दचकून विचारलं. केस्टर गावात त्या हिवाळ्यात बरेच जण गेले होते.

"फोन."

"अरे देवा, असं बोलतात का! मी पेटीतला काळा कोट काढायला निघाले होते."

जोलीनने तिचा जुना स्मार्टफोन पोस्टाने पाठवला. "डॅड, यातलं इंटरनेट मी बंद करून ठेवलंय," तिने आईच्या फोनवर बजावलं. "तुमचं सिम कार्ड त्यात घाला आणि फक्त बोला. बाकी कशालाही हात लावू नका."

वैनोचं सिम कार्ड वितळण्यातून वाचलं होतं. त्याने ते नखाने काढलं, नव्या फोनमध्ये सरकवलं आणि कशालाही हात न लावता झोपला. सकाळी फोनवर कंपनीचा निरोप होता. अभिनंदन! तुम्ही आता स्मार्टफोन वापरता. तुमच्या सोयीसाठी आम्ही डेटा प्लॅन सुरू केला आहे. महिन्याला पंधरा डॉलर.

वैनोने चाळीसएक वर्षं काउंटीचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवला होता. सरळ रेषेत जायचं आणि समोर येईल ते बाजूला लोटायचं, हा त्याचा स्वभावच झाला होता. त्याने ताबडतोब कंपनीला फोन लावला.

"मला इंटरनेट नकोय."

"समजलं, सर," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "पण स्मार्टफोन असेल तर प्लॅन घ्यावाच लागतो."

"अहो, पण ते बंद आहे. माझ्या मुलीने बंद केलंय."

"बंद ठेवायला आमची काहीच हरकत नाही, सर."

"आणि पैसे?"

"ते चालू राहतील."

"बाई, मी रस्त्यावरचा बर्फ काढायचो. ज्या दिवशी बर्फ पडला नाही त्या दिवशी मी कुणाच्या दारात जाऊन, बर्फ काढायचा ट्रक तर माझ्याकडे आहे, तेव्हा पैसे द्या, असं म्हटलं नाही."

"छान, सर. आणखी काही मदत करू?"

"हे काढायचं कसं ते सांगा."

"लागतो आपोआप, सर. काढायला मात्र हॉटनच्या दुकानात स्वतः यावं लागतं. साधा फोन घेऊन या, त्यात तुमचं कार्ड घालून या, म्हणजे झालं."

फेब्रुवारीत हॉटनला जायचं म्हणजे अर्धा दिवस उडत्या बर्फात समोरचं काही न दिसता गाडी हाकायची. वैनोने ठरवलं, जरा हवा उघडली की जाऊ. तोवर कार्ड साध्या फोनमध्ये घालून ठेवू. साधा फोन घरात एकच होता, एलमाचा.

"तुला कोण फोन करतं?" त्याने तिचा फोन उघडत विचारलं.

"जोलीन करते."

"ती मलाही करते." त्याने तिचं कार्ड काढून आपलं घातलं. आता एलमाचं कार्ड राहिलं. नखाएवढी वस्तू, टेबलावर ठेवली तर ब्रेडच्या चुऱ्याबरोबर पुसली जायची. हरवू नये म्हणून त्याने ते स्मार्टफोनमध्ये घालून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मार्टफोन टिंगटिंगला. एलमाने चष्मा लावून वाचलं. "अभिनंदन, एलमा." तिने फोन खाली ठेवला. "नाव घालून लिहिलंय बघ. लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा तूसुद्धा नव्हतं केलंस माझं अभिनंदन."

वैनो कोट चढवून, स्मार्टफोन खिशात टाकून लेम्पीच्या हॉटेलात गेला. घरात या विषयावर बोलायला आता जागा उरली नव्हती.

लेम्पीच्या हॉटेलात रेनो हापाला आधीच वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत बसला होता. रेनो म्हणजे चर्चचा खजिनदार. गेल्या वर्षी चर्चच्या स्वयंपाकघरात नवी किटली घ्यायची की नाही यावर त्याने मतदान घ्यायला लावलं होतं आणि स्वतः विरोधात मत दिलं होतं. वैनोची कहाणी ऐकून तो हसला.

"तू काहीतरी दाबलं असशील. कंपनीला काय डोळे आहेत? तुझ्या हातात कुठला फोन आहे ते तिला इतक्या लांबून दिसतं होय?"

"दिसतं."

"आण इकडे." रेनोने स्मार्टफोन ओढून घेतला, एलमाचं कार्ड काढून बशीत ठेवलं आणि स्वतःचं घातलं. मग घरी बायकोला फोन लावला. "हॅलो, मीच. काही नाही, फोन लागतो का बघत होतो. काय करतेस? बरं." त्याने फोन बंद केला आणि सगळ्या हॉटेलाकडे पाहिलं. "झालं काही? आभाळ कोसळलं?"

आभाळ कोसळलं नाही, पण दार उघडून पास्टरबाई आत आल्या. मेरिएल नॉर्डीन या केस्टरच्या चर्चच्या पास्टर. थंडीने त्यांच्या फोनची बॅटरी मेली होती आणि दुपारी एक अंत्यविधी होता.

"कुणाचा फोन मिळेल का? माझे सगळे नंबर माझ्या कार्डात आहेत. बटाट्याचं सॅलड कोण आणणार ते अजून ठरलेलं नाहीये."

"हा घ्या," आपलं कार्ड काढून घेत रेनो उदारपणे म्हणाला. फोन वैनोचा होता. "कार्ड घाला आणि बोला खुशाल. याला काही होत नाही."

पास्टरबाई दोन मिनिटं बोलल्या, सॅलडची सोय झाली, त्यांनी आपलं कार्ड काढून घेतलं आणि आभार मानले. वैनोने एलमाचं कार्ड बशीतून उचललं, कॉफीचा थेंब पुसला आणि परत फोनमध्ये घालून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी रेनोचा फोन आला. "वैनो, हे तुझ्यामुळे झालं."

"काय झालं?"

"माझं अभिनंदन झालं."

"पण कंपनीला तर डोळे नाहीत ना?"

रेनोने फोन ठेवला. पास्टरबाईंचंही अभिनंदन झालं होतं, आणि तो मामला जास्त अवघड होता, कारण तो फोन चर्चचा होता. दर महिन्याचा नवा खर्च म्हणजे समितीपुढे जाणं आलं. रविवारच्या प्रार्थनेनंतर समिती तळघरात बसली. पास्टरबाईंनी घडलं ते सांगितलं.

"स्मार्टफोनवर नेमकं बघतात तरी काय?" म्हाताऱ्या मिसेस सालोंनी विचारलं. त्यांना उत्तर नको होतं, कल्पना त्यांची त्या करून बसल्या होत्या.

"मी काहीच पाहिलं नाही. मी सॅलडबद्दल बोलले."

"प्रश्न सॅलडचा नाहीये," रेनो खजिनदाराच्या आवाजात म्हणाला. "प्रश्न शिस्तीचा आहे. चर्चच्या माणसाने दुसऱ्याच्या फोनमध्ये कार्ड घालण्यापूर्वी विचार करायला नको?"

तो फोन कुणी पुढे केला होता ते पास्टरबाई सांगणार नव्हत्या, तो त्यांचा धर्म होता. पण तेवढ्यात टेबलावर ठेवलेला रेनोचा फोन थरथरला. शेजारी बसलेल्या मिसेस सालोंची नजर या वयातही शाबूत होती. त्यांनी मोठ्याने वाचलं, "रेनो, तुमच्या नव्या स्मार्टफोनचा आनंद लुटताय ना?"

समितीने ठराव केला की ज्यांनी हे आणलं त्यांनी ते निस्तरावं. तोपर्यंत बुधवारच्या पत्त्यांच्या डावाला वैनो आणि रेनो, दोघांनीही येऊ नये. ठरावाच्या या दुसऱ्या भागाशी चर्चचा काही संबंध नव्हता, पण पत्ते खेळणारे सगळे समितीतच होते.

पत्त्यांचा बुधवार हुकणं ही गोष्ट वैनोला लागली. बायको गप्प, मित्र तोंड फिरवलेला, आणि बुधवारी संध्याकाळी भिंतीकडे बघत बसायचं. हवा उघडायची वाट बघण्यात आता अर्थ नव्हता. सोमवारी सकाळी त्याने जुनी ब्युइक गाडी बाहेर काढली. पुढे तो आणि एलमा, मागे रेनो आणि पास्टरबाई. जाताना पास्टरबाई अधूनमधून गुणगुणत होत्या, ती प्रार्थना असावी.

हॉटनच्या दुकानात ब्रँडी नावाची मुलगी होती. तिने चौघांचे नंबर घातले आणि स्क्रीन पाहून तिचा चेहरा उजळला.

"केस्टर! म्हणजे ते तुम्हीच! आमच्या मॅनेजरांनी मीटिंगमध्ये तुमच्या गावाचं नाव घेतलं. एका आठवड्यात चार स्मार्टफोन! तिकडे जाहिरातीचा बोर्ड लावायचं चाललंय."

"चार नाहीत," वैनोने फोन काउंटरवर ठेवला. "हा एकच आहे."

ब्रँडीने एका फोनकडे आणि चार म्हाताऱ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. खरं म्हणजे पास्टरबाई अजून पन्नाशीच्याही नव्हत्या, पण त्या सकाळी त्या यांच्यात खपून गेल्या.

"तुम्ही चौघं मिळून एक फोन वापरता?"

"वापरत नाही," रेनो म्हणाला. "तेच तर सांगायला आलोय."

"मग चौघांची कार्डं त्यात कशी गेली?"

यावर चौघं एकदम बोलायला लागले. सौना, बदक, ब्रेडचा चुरा, बशी आणि बटाट्याचं सॅलड एवढे शब्द ब्रँडीला कळले. तिने हात वर केले. "थांबा, थांबा. मला फक्त सांगा, आता साधा फोन कुणाकुणाकडे आहे?"

वैनोने दाखवला, रेनोने दाखवला, पास्टरबाईंनी दाखवला. ब्रँडीने एकेकाचा प्लॅन काढून टाकला. पास्टरबाईंनी हुश्श केलं. रेनोने ते झाल्याचं लेखी मागितलं.

"आणि एलमा कांगस," ब्रँडी म्हणाली. "तुमच्यासाठी आमच्याकडे एक साधा फोन आहे, फुकट. त्यात कार्ड घालते आणि याही प्लॅनवर फुली मारते, ओके?"

"नको," एलमा म्हणाली.

वैनोला वाटलं तिला ऐकू आलं नाही. "ती फुकट म्हणतेय, एलमा."

"ऐकलं मी. नको. माझं राहू दे."

"अगं पण तू ते वापरत नाहीस! जोलीनने ते बंद केलंय!"

"मी चालू केलं. दुसऱ्याच दिवशी." एलमाने काउंटरवरचा फोन उचलून पर्समध्ये ठेवला. "काउंटीच्या इतिहास मंडळाने जुन्या फिल्मा टाकल्यात त्याच्यावर. डॉक्टर अबरामसन कॅमेरा घेऊन हिंडायचे ना, त्यांच्या. मी नुसतं गावाचं नाव लिहिलं. चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक आहे. त्यात माझी आई चालतेय. मध्येच हॅटला हात लावते आणि माझ्याकडे बघते. म्हणजे कॅमेऱ्याकडे." ती थांबली. "तू लेम्पीकडे गेलास की मी बघते."

वैनोने टोपी काढली, आतलं अस्तर पाहिलं, परत घातली. सासूला जाऊन सदतीस वर्षं झाली होती. "मला का नाही दाखवलंस?" एवढंच तो म्हणाला.

"तू कंपनीशी भांडत होतास."

परतीच्या वाटेवर त्याने हॉटन सोडायच्या आधीच गाडी कडेला घेतली. "दाखव."

चौघांची डोकी एका तळहाताएवढ्या चौकोनावर वाकली. फिल्मला रंग नव्हता, आवाज नव्हता. हॅटवाली बाई चालत आली, कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि निघून गेली. वैनोने परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्याने गाडी सुरू केली. मागे बसलेल्या रेनोने घसा खाकरला.

"डॉक्टर अबरामसन बर्फावरच्या हॉकीच्या सामन्यांनाही यायचे."

"आहेत ना," एलमा म्हणाली. "केस्टर विरुद्ध लॉरिअम पण आहे. एकोणसाठची. ती मी नाही बघितली, मला काय त्यात."

वैनोने आरशातून रेनोकडे पाहिलं, रेनोने आरशातून वैनोकडे. पास्टरबाई या भागात नव्या होत्या, त्यांना बिचाऱ्यांना कारण कळलं नाही. एलमाने त्यांना हळूच सांगितलं. एकोणसाठच्या त्या सामन्यात वैनो केस्टरकडून खेळत होता आणि रेनो शेजारच्या लॉरिअम गावाचा गोलकीपर होता. शेवटच्या मिनिटाला वैनोने मारलेली रबरी चकती रेषा ओलांडून आत गेली, असं वैनोचं म्हणणं. ती आपल्या पायाच्या पॅडला लागून रेषेवर थांबली, असं रेनोचं. पंचांनी रेनोचं ऐकलं. पुढे रेनो लग्न करून केस्टरमध्येच राहायला आला आणि तेव्हापासून या विषयाशिवाय त्यांचा एकही नाताळ गेला नव्हता.

"लाव," वैनो म्हणाला.

"लाव, लाव," रेनो म्हणाला. "होऊनच जाऊ दे एकदा."

वैनोने पुन्हा गाडी थांबवली. बर्फावर काळ्या मुंग्यांसारखी पोरं इकडून तिकडे धावत होती. "तो मी!" वैनो ओरडला. "तो कोपऱ्यातला!" रेनो पुढच्या सीटवर इतका ओणवा झाला की त्याची दाढी एलमाच्या खांद्याला टोचू लागली. पास्टरबाईसुद्धा श्वास रोखून बघत होत्या. चकती वैनोकडे आली. त्याने एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, काठी मागे नेली आणि मारली. लॉरिअमचा लुकडा गोलकीपर गुडघ्यांवर पडला. चकती त्याच्या पॅडपाशी, रेषेच्या अगदी जवळ—

चित्र थांबलं. त्याच्यावर एक चौकट आली. एलमाने चष्मा वर करून वाचलं.

"या महिन्याचा डेटा संपला आहे. पुढे पाहायचं असेल तर मोठा प्लॅन घ्या."

मग वैनोने आरशात पाहिलं, रस्ता मोकळा होता. त्याने स्टीअरिंग पूर्ण फिरवलं आणि ब्युइक हॉटनच्या दिशेने वळवली.

मागून रेनो म्हणाला, "जरा जोरात हाक. ती पोरगी सोमवारी दुकान लवकर बंद करते, दारावर लिहिलंय."