सावलीचं माप

"घरापुढे कुठलं झाड लावायचं, ते दोन दिवसांत ठरवून दाखवतो!" मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. तिचं शिलाई मशीन पुढच्या खोलीत, आणि दुपारी ती खोली अशी तापते की कापडाला वेगळी इस्त्री लागत नाही! कडुनिंब की बदाम, एवढाच प्रश्न. पण झाड म्हणजे पडदा नव्हे, आवडला नाही की बदलला. चुकलं तर जन्मभर ऐकून घ्यायचं! या धास्तीने माझं जेवण कमी झालं.

शेवटी टेप, वही आणि खडू घेऊन मोठ्या झाडांची सावली मोजायला निघालो. बदाम बिनबोभाट मोजून झाला. मागच्या गल्लीत एका घरापुढे कडुनिंब दिसला. सावलीच्या कडेने रस्त्यावर खडूची रेघ ओढू लागलो, तोच झाडाखाली पंक्चर काढणारे काका पाना घेऊन उठले.

"रेघा कसल्या मारताय?"

"माप घेतोय."

"बाई, बाहेर या! रस्तारुंदीवाले आले!"

घरमालकीणबाई आल्या. त्या मुख्याध्यापिका होत्या हे मला नंतर कळलं; घाम मात्र आधीच फुटला!

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"बायकोने!"

"थट्टा करता?"

"नाही हो बाई! मला फक्त झाड हवंय!"

झालं! गल्ली पेटली. "झाड हवंय म्हणतो!" धडाधड खिडक्या उघडल्या. काकांनी खोडाला मिठीच मारली. "अहो, हेच माझं दुकान! छप्पर हेच, पाटी हीच!" मी गुपचूप खडू खिशात टाकला.

बाईंनी माझ्याच वहीत माझ्याकडून लिहून घेतलं: 'या झाडाला मी कधीही हात लावणार नाही.' शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि पुन्हा लिहायला लावलं! मग सही.

सही करता करता मी रडकुंडीला येऊन सगळी हकीगत सांगितली. काका खोड सोडून पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. कुंपणालगत उगवलेलं कडुनिंबाचं रोप त्यांनी मातीसकट काढून माझ्या हातात ठेवलं.

"हे लावा. बदामाचा विचारही करू नका!"

नाही म्हणायची माझी काय टाप!

बायकोने रोप लावलं, पाणी घातलं आणि विचारलं, "याची सावली कधी हो पडायची?"

"पडते की!" मी म्हटलं.

खरंच पडते. एक मुंगी अगदी आरामात बसते तिच्यात. दुसरी आली की जरा गर्दी होते, एवढंच!