दाजीबाचा काढा

एका जंगलात, बाळांनो, तुळसा नावाची हरिणी राहत होती. जातीने भेकर. वाघाचा वास आला की भेकर भुंकतं आणि बाकीचे पळतात. पाणवठ्यावरची ही राखण तुळसाकडे होती.

एकदा तिचं पोट बिघडलं. दिवसातून दहा-बारा वेळा करवंदीच्या जाळीमागे पळावं लागे. रक्त पडू लागलं. बरगड्या मोजता येऊ लागल्या.

ती धनेश पक्ष्याकडे गेली. तो जंगलातला डॉक्टर. त्याने तपासलं आणि म्हणाला, "तुळसा, तुझ्या अंगातल्या राखणदारांचं डोकं फिरलंय. चोर सोडून ते तुझ्याच आतड्यांना बडवतायत."

"मग हाकला त्यांना!"

"हाकलायचं नाही, शांत करायचं. रोज गोळी आणि दर दोन महिन्यांनी एक इंजेक्शन. बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय बंद करू नकोस."

तीन महिन्यांत तुळसाच्या अंगावर मांस चढलं. ती बरी दिसू लागली, तसा दाजीबा वानर भेटायला आला. आजारात आला नव्हता. वास यायचा म्हणे.

"गोळी कसली घेतेस?"

"प्रतिकारशक्ती शांत करायची."

दाजीबा फांदीवरून पडता पडता वाचला. "अगं, सगळं जग ती वाढवतंय आणि तू कमी करतेस? आपल्या पूर्वजांनी कधी गोळ्या खाल्ल्या?"

"ते कशाने गेले, दाजीबा?"

"पोटाने. पण गोळी न खाता गेले!"

मग त्याने गुळवेल-आवळ्याचा काढा दिला, वर मध. खरं सांगायचं तर तुळसालाही सुईचा कंटाळा आला होता. आपण पुरत्या बऱ्या झालो, असं कुणीतरी म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तिने डॉक्टरला न सांगता औषध सोडलं.

पहिला महिना छान गेला. दाजीबाने काढ्याची कीर्ती जंगलभर पसरवली. दुसऱ्या महिन्यात पोट पुन्हा पेटलं.

एके सकाळी दाजीबा पाणवठ्यावर काढ्याचे फायदे सांगत होता. ऐकणारे बरेच होते. तुळसा जाळीमागे होती. वाघ आला. कुणी भुंकलं नाही.

सगळे कसेबसे वाचले. दाजीबाही झाडावर चढला, पण त्याची अर्धी शेपटी वाघाच्या तोंडात राहिली.

तुळसा खाली मान घालून धनेशकडे गेली. "चुकले, डॉक्टर."

"सुई नकोशी झाली होती, तर मला सांगायचंस. मार्ग काढला असता," तो एवढंच म्हणाला. त्याने रक्त तपासलं आणि उपचार पुन्हा सुरू केले. या वेळी बरं व्हायला जास्त दिवस लागले, पण तुळसा बरी झाली आणि राखणीवर परतली.

मग जंगलाने सत्कार केला. दाजीबाचा. काढ्याचा गुण उशिरा आला, असं सगळ्यांचं मत पडलं. शाल झाली, नारळ झाला. तुळसाही गेली होती. तिला दाजीबाच्या शेपटीवर पांढरी पट्टी दिसली.

"हे काय लावलंय?"

"धनेश डॉक्टरचं मलम. दिवसातून तीनदा. शिवाय पाच दिवस गोळ्या."

"काढा नाही लावलात?"

"वेडी की काय तू?" दाजीबा दचकून म्हणाला. "शेपटी माझी आहे!"

तात्पर्य : काढा जालीम असतो, फक्त पोट दुसऱ्याचं असावं लागतं.