चार नंबरचा ठेका

बुधवारी सकाळी अवधूतच्या म्युझिक सॉफ्टवेअरची वर्गणी संपली आणि कंपनीच्या सुरक्षा सप्ताहाचं अर्धवट गाणं आत अडकून बसलं. गाणं सोमवारी द्यायचं होतं. चाकणच्या कंपनीत बारा वर्षं पत्र्याचे पार्ट तपासणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी चिखलीच्या फ्लॅटमध्ये कपाटाआड बसून गाणी करी. भाच्याच्या बारशाचं गाणं पंगत बसली म्हणून मध्येच बंद झालं होतं, सोसायटीच्या गणपतीतलं वीज गेली म्हणून. कुणीतरी एकदा तरी आपलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती. फार नव्हती, पण एवढीसुद्धा पुरी होत नव्हती.

महागडी वर्गणी परत भरायची ऐपत नव्हती, म्हणून त्यानं स्वस्तातलं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात जुनी फाइल उघडेना. सगळं नव्यानं करायला बसला, तर आत जगभरचे ड्रम होते, ढोलकी तेवढी नव्हती. बायकोनं, सुखदानं, पिठाचा डबा वाजवून बघायला सांगितलं. डबा डब्यासारखाच वाजला.

गुरुवारी शिफ्टमध्ये तो वैतागून उभा असताना त्याचं लक्ष पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसकडे गेलं. बाकीच्या प्रेस सरळ ठोकत होत्या. चार नंबर मात्र एक ठोका देऊन दुसरा किंचित लांबवत होती. अवधूतला वाटलं, ठेका असावा तर असा. एचआरच्या सुमेधा मॅडमची लेखी परवानगी काढून त्यानं प्रेसच्या संरक्षक जाळीबाहेर मोबाइल ठेवला आणि चार नंबरचा आवाज भरून घेतला.

नव्या सॉफ्टवेअरनं आजूबाजूच्या अकरा प्रेसचा गोंगाट मात्र छान पुसून काढला. शनिवार-रविवार खपून अवधूतनं त्या ठोक्यावर तीन कडवी चढवली. 'हेल्मेट घाल, सावध चाल' असं धृपद होतं. सुखदानं भाजी निवडता निवडता अर्धंमुर्धं ऐकलं आणि ठेका छान जमलाय म्हणाली. बाकीच्याबद्दल ती बोलली नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

सोमवारी सप्ताहाच्या उद्घाटनाला सगळी शिफ्ट रांगेत उभी राहिली. गाणं सुरू झालं. दुसरं कडवं लागलं आणि प्रेस शॉपचे फोरमन सयाजीकाका हात वर करून रांगेतून पुढे आले. ते मूळचे मावळचे, तीस वर्षं प्रेसपाशी काढलेले.

"बंद करा ते," ते म्हणाले. "आन् चार नंबरबी बंद करा. तिचं बेअरिंग गेलंय."

गाणं तिथंच तुटलं. मेंटेनन्सवाल्यांनी प्रेस उघडली, तर बेअरिंग खरोखरच खिळखिळं झालं होतं. बारा प्रेसच्या दणदणाटात ते कुणाच्या कानांना कळलं नव्हतं, आणि अवधूतला ऐकू आलं तर तो ठेका वाटला होता. आठवड्याभरात कुणाचा तरी हात गेला असता, असं सगळेच म्हणाले. सगळ्यांनी सयाजीकाकांची पाठ थोपटली. साहेबांचं भाषण रद्द झालं, चहा तेवढा झाला. दोष तपासण्याचाच पगार घेणारा अवधूत कप हातात धरून कोपऱ्यात उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि गाण्याचं वाईटही वाटत होतं.

दुपारी त्याला लॅपटॉप घेऊन ऑफिसात बोलावलं. आत सयाजीकाका, मेंटेनन्सचे दोघं आणि सुमेधा मॅडम खुर्च्या ओढून बसले होते. गाणं लाव म्हणाले, पहिल्यापासून. अवधूतनं घाबरत लावलं. चौघांनी डोळे मिटले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. कुणी खोकलंसुद्धा नाही.

"पुन्हा लाव," सयाजीकाका म्हणाले.

पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. अवधूतला बारा वर्षांचा शीण उतरल्यासारखं वाटलं.

"कसं वाटलं, काका?" त्यानं हळूच विचारलं.

"बेअरिंगसंगं आजून कायतरी वाजतंय," डोळे न उघडता सयाजीकाका म्हणाले. "तुझं ते गाणं तेवढं काढता यील का रं? मशीन नीट ऐकू येत न्हाई."

नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते एका बटणाचं काम होतं. अवधूतनं ते दाबलं, आणि चौघांनीही समाधानानं माना हलवल्या.