कैरोचा चोर

इन्शिराहच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चार महिने वाट पाहिल्यावर तारीख मिळाली होती. आज दुपारी दोनपर्यंत हॉस्पिटलच्या ॲपवर होकार कळवला नाही, तर ती दुसऱ्याला जाणार होती. तिचे पती लबीब यांनी हे काम सकाळी अकरालाच हाती घेतलं. अलेक्झांड्रियाच्या बंदरात बत्तीस वर्षं कस्टमचे शिक्के मारलेला माणूस. दोनदा वाचल्याशिवाय कुठला कागद पुढे सरकवला नव्हता.

कुवेतला असलेल्या मुलीनं, शाहिनाजनं, त्यांना एकच खातं काढून दिलं होतं. त्या खात्यानं हॉस्पिटल, विजेचं बिल, आगगाडीचं तिकीट, सगळी दारं उघडायची. "दहा पासवर्ड पाठ करायला नकोत, बाबा. कोणी आत शिरू लागलं की फोन विचारेल, 'हे तुम्हीच का?' तुम्ही नसाल तर 'नाही' दाबायचं."

लबीब यांनी टॅबवर हॉस्पिटलचं ॲप उघडलं आणि खात्यानं आत जायचं बटण दाबलं. लगेच शेजारचा फोन थरथरला. 'कैरोहून कोणीतरी तुमच्या खात्यात येत आहे. हे तुम्हीच का?'

लबीब स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, अलेक्झांड्रियात बसले होते. त्यांनी 'नाही' दाबलं.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा कैरो. 'नाही'. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम पाच मिनिटं थांबून, हळूच बटण दाबलं. चोरही नेमका पाच मिनिटं थांबलेला! लबीब यांनी उठून खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि तिसऱ्यांदा 'नाही' दाबलं. त्याबरोबर खातंच बंद झालं. त्यांनी मुलीला फोन लावला.

"शाहिनाज, कैरोत एक हरामखोर बसलाय! मी हात लावला की तोही लावतो. मला बघतोय तो!"

"बाबा, इंटरनेट कंपनीचं यंत्र कैरोत असेल, म्हणून तिथलं नाव येतंय. तो चोर तुम्हीच आहात."

लबीब यांनी पडदे पुन्हा बाजूला सारले. "मग आता?"

"खातं उघडायला आईच्या फोनवर सहा आकडे येतील, ते भरा. तीनदा चुकलं तर मात्र उद्यापर्यंत काही होणार नाही."

इन्शिराह फोनसकट बहिणीकडे कोबीच्या पानांत भात भरून महशी करायला गेली होती. लबीब यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा. त्यांनी तिला फोन लावला.

"सहा आकडे आलेत, वाच."

"दोन, सात, दोन... की तीन? लबीब, अरबीतले हे दोन आणि तीन मेले एकाच दाताच्या फरकाचे!"

"नीट बघ, इन्शिराह!"

"नीट दिसलं असतं तर ऑपरेशन कशाला करायचं होतं? बहिणीला विचारू?"

"नको, नको! हे आकडे कोणाला दाखवायचे नाहीत!"

"सख्खी बहीण आहे माझी!"

"सख्खी असली तरी नाही!"

दोन भरून पाहिलं, चुकलं. तीन भरून पाहिलं, तेही चुकलं. मग इन्शिराहला वाटलं, की तिसऱ्या जागी बहुतेक चार आहे. तेही चुकल्यावर पडद्यावर उद्याची वेळ झळकली. पलीकडे इन्शिराहनं फोन ठेवला. पुन्हा लावला, तर ती उचलेना.

पुन्हा चार महिने! आपल्याच सावधपणानं! हॉस्पिटलचा फोन नुसता गुंतलेला. लबीब ओळखपत्र, लग्नाचा दाखला, विजेचं बिल, हाताला लागेल ते घेऊन निघाले. टॅक्सी समुद्राकाठच्या रस्त्यावर अडकली. शेवटचा अर्धा मैल ते धावतच गेले.

दोनला चार मिनिटं कमी असताना ते खिडकीशी पोचले. सगळे कागद एकदम आत ढकलत म्हणाले, "मी चोर नाही! माझी बायको... मोतीबिंदू... मी सकाळपासून..."

आतल्या मुलीनं लग्नाच्या दाखल्यावरचं नाव वहीत पाहिलं. "इन्शिराह मॅडम ना? त्या मघाशीच आल्या, ओळखपत्र दाखवलं, सही केली. सोमवारी आठला यायचंय."

"नुसतं ओळखपत्र? काही... आकडे वगैरे नाही?"

"समोर माणूस उभा असताना आकडे कशाला, हाजीसाहेब?"

कोपऱ्यातल्या बाकावर इन्शिराह मांडीवर महशीचा डबा धरून बसली होती. मुलीनं खिडकीतूनच विचारलं, "मॅडम, हे तुमचेच का?"

इन्शिराहनं डोळे बारीक करून बराच वेळ त्या दिशेला पाहिलं.

"चेहरा काही दिसत नाही, बाळा," ती म्हणाली. "पण कागद एवढे आणलेत, म्हणजे माझेच."