भिंगरीचे रद्द झालेले मरण

भिंगरी सकाळपासून दिवाणखान्यातल्या सोफ्यावर मरत होती. कधी उजव्या कुशीवर मरायची, कधी डाव्या. एकदा तर ती सोफ्यावरून घसरत थेट टीपॉयखाली जाऊन मेली आणि आत्याचा चहा सांडला.

"अगं, मर, पण जरा बेताने मर," आत्या फडक्याने चहा टिपत म्हणाली. "आणि डोळे मिटताना नाक मुरडू नकोस. कडू औषध घेतल्यासारखं दिसतं."

एका जागी कधी टिकली नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. अशा मुलीला सिनेमात काम मिळाले होते ते निपचित पडण्याचे. नायिकेची मैत्रीण. ही मैत्रीण सिनेमा सुरू होतो न होतो तोच एका गाडीखाली सापडते, नायिकेच्या मांडीवर डोके ठेवून प्राण सोडते आणि मग उरलेला सिनेमाभर नायिका त्या गाडीवाल्याला कोर्टात खेचते. म्हणजे भिंगरीच्या वाट्याला जे काही आले होते ते मरणच. पण नाटकांच्या स्पर्धा गाजवून आणि जाहिरातीत साबण हातात धरून झाल्यावर मिळालेले ते पहिले खरे काम होते. आपण असे मरायचे की थेटरातल्या लोकांनी हातातले खाणे विसरावे, असे तिने मनाशी पक्के केले होते.

त्याला कारणही तसेच होते. वडिलांचे चष्म्याचे दुकान होते. कोणाला लांबचे दिसत नाही आणि कोणाला जवळचे, हे ते गिऱ्हाइकाच्या नुसत्या चालण्यावरून ओळखत. आपल्या मुलीला तर लांबचे मुळीच दिसत नाही, असे त्यांचे ठाम मत होते.

"हा एक सिनेमा कर," त्यांनी सांगून टाकले होते. "मी स्वतः थेटरात जाऊन बघेन. तुझं काम मला पटलं तर पुढे तुझं तू बघ. नाही पटलं तर दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर माझ्याशेजारी बसायचं. मग रडारड चालणार नाही."

भिंगरी शाळेत जाऊ लागली त्याच वर्षी तिची आई आजारपणात गेली होती. तेव्हापासून वडील, त्यांची थोरली बहीण म्हणजे आत्या आणि भिंगरी असे तिघांचे घर होते. त्या घरात वडिलांचा शब्द शेवटचा असे, म्हणजे आत्याने आधी काही ठरवून ठेवले नसेल तर.

शूटिंगचा क्रम कळला तेव्हा मात्र आत्या चक्रावली. खटला जिंकल्यावर नायिका मोठी पार्टी देते आणि मेलेल्या मैत्रिणीची आठवण काढून रडते, असा सिनेमाचा शेवट होता, आणि तोच सगळ्यांत आधी घेणार होते.

"शेवट आधी आणि तू मरणार नंतर? ही कुठली पद्धत?"

"अगं आत्या, हॉलचा सेट आत्ता उभा आहे ना. जो सेट उभा असेल तिथलं सगळं उरकून घेतात. नंतर जोडतात."

"म्हणजे तू गेल्यावर लोक कसे रडतात ते तुला जिवंतपणी बघायला मिळणार," आत्या चप्पल शोधू लागली. "चल, असं भाग्य किती जणांना मिळतं."

झाले, दोघी निघाल्या. भिंगरीचे अजून एकही दृश्य झालेले नसल्याने सेटवर तिला कोणी ओळखत नव्हते. तिला निवडणारे दिग्दर्शक डोळ्यांपुढच्या छोट्या पडद्याला नाक लावून बसले होते आणि त्यांना नायिकेखेरीज जगात दुसरे कोणी दिसत नव्हते. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, तोच एक सहायक हातातले कागद फडकवत धावत आला.

"ओ, तुम्ही दोघी. भिंतीला काय टेकलाय? मागचं टेबल रिकामं दिसतंय. बसा तिथे. समोर येईल ते खायचं आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही."

"अहो, पण मी तर या सिनेमात..." भिंगरीने सांगायला सुरुवात केली.

"सगळेच सिनेमात आहेत. बसा."

तोवर आत्या बसलीसुद्धा होती. समोर आइस्क्रीमची वाटी आली. आत्याने नियमाप्रमाणे कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. नायिका बोलू लागली आणि पहिल्याच खेपेला तिच्या डोळ्यांतून खरेखुरे पाणी आले. सगळा हॉल श्वास रोखून बसला. दिग्दर्शकांनी धावत जाऊन कॅमेरामनला मिठी मारली. हे असे पुन्हा होणे नाही, असे जो तो म्हणू लागला, आणि ते शब्दशः खरे ठरले. नायिकेने दुसऱ्याच दिवशी पुढच्या सिनेमासाठी कमरेपर्यंतचे केस कापून पार पोरासारखे केले आणि हॉलचा सेट मोडून तिथे तुरुंग उभा राहिला.

पुढे केसांचा टोप चढवलेल्या नायिकेच्या मांडीवर भिंगरी मेली आणि काय मेली म्हणून सांगावे. सोफ्यावरची सगळी तालीम बाजूला राहिली आणि तिसरेच काहीतरी घडले. तिने नायिकेचा हात शोधला, काहीतरी सांगायला ओठ उघडले आणि सांगायचे ते आता उरलेच नाही अशी बारीकशी हसून ती शांत झाली. "कट" म्हणायचे दिग्दर्शकांच्या ध्यानातच राहिले नाही. मेकअपवाला तोंड फिरवून नाक पुसत होता. भिंगरी हवेत तरंगत घरी आली आणि तिने जाहीर केले, "आत्या, काउंटर गेला खड्ड्यात."

दोन आठवड्यांनी तिला बोलावणे आले. संकलकाच्या अंधाऱ्या खोलीत दिग्दर्शक डोके धरून बसले होते. शेजारी सिनेमाचा लेखक नखे खात होता.

"मॅडमच्या खांद्यामागे बघा," संकलक म्हणाला.

पडद्यावर नायिका रडत होती, "आज ती आपल्यात नाही." आणि तिच्या खांद्यामागे ती, म्हणजे भिंगरी, छान आइस्क्रीम खात होती. शेजारी आत्या, चमच्याने वाटीचा तळ खरवडत.

"पुसून टाका की कॉम्प्युटरवर," लेखक म्हणाला.

"चमचा मॅडमच्या केसांमधून जातोय. यांना पुसलं तर मॅडमचा कानही जातो."

"पुन्हा घेऊ."

"कुठे? तुरुंगात? आणि तसं रडणं त्यांना पुन्हा जमेल?"

"मग ही हिची जुळी बहीण."

दिग्दर्शकांनी लेखकाकडे असे पाहिले की तो पुन्हा नखांकडे वळला. शेवटी दिग्दर्शक उठले.

"एकच मार्ग आहे. ही मरत नाही."

भिंगरीने हात जोडले. "सर, असं करू नका. माझ्याकडे त्याच्याशिवाय दुसरं काहीच नाही हो. मला मरू द्या. तुम्ही सांगाल त्या पायऱ्यांवरून पडते, पण मला मारा."

"अगं, तुझी भूमिका वाढतेय."

"मला वाढायला नको, मला मरायला हवंय."

अभिनेत्रीने भूमिका वाढू नये म्हणून डोळ्यांत पाणी आणल्याचे त्या खोलीने पूर्वी कधी पाहिले नव्हते. पण एकदा लेखकाची नखे संपली की त्याचे डोके चालू लागते. मैत्रीण अपघातानंतर कोमात जाते आणि शेवटी शुद्धीवर येऊन पार्टीला हजर राहते, असे त्याने बसल्या बैठकीला जुळवून टाकले. "आज ती आपल्यात नाही" हे वाक्य आवाज बदलून "आज ती आपल्यात आली" असे करायचे ठरले. नायिकेचे ओठ थोडे पुढेमागे होणार होते, पण रडताना कोणाचे ओठ जागेवर असतात. मैत्रीण जिवंत आहे म्हणताच तिला पडायला एक इस्पितळ लागले. इस्पितळात पडलेल्या मुलीजवळ कोणीतरी बसायला हवे. नायिकेने शूटिंगला दिलेल्या तारखा संपलेल्या. आणि पार्टीत हिच्याशेजारी आइस्क्रीम खाणारी ही बाई कोण, हा प्रश्न तर आ वासून उभाच होता.

"त्या कोण आहेत?" दिग्दर्शकांनी विचारले.

"माझी आत्या."

"काय करतात?"

"बोलते," भिंगरी म्हणाली.

अशा रीतीने आत्या सिनेमात आली. लेखकाने तिला पानभर करुण वाक्ये लिहून दिली होती. तिने ती चष्मा लावून वाचली आणि घडी घालून पर्समध्ये टाकली.

"असं आमच्यात कोणी बोलत नाही," ती म्हणाली. कॅमेरा सुरू झाला तशी ती खाटेजवळ स्टूल ओढून बसली आणि रोज सकाळी घरी बोलायची तशीच बोलू लागली. "ऊठ गं. किती लोळशील? सूर्य डोक्यावर आला. तुझ्या कपड्यांच्या घड्या कोण घालणार, मी? सगळं घर शांत झालंय बघ. मेलं कोणी वस्तू पाडत नाही, कोणी चहा सांडत नाही. असली शांतता काय करायची मला?"

खाटेवरच्या भिंगरीची पंचाईत झाली. नाकात नळी, अंगावर चादर, आणि कानाशी रोजचे बोलणे. तिला हसू आवरेना. तिने सगळा जीव गोळा करून ओठ आवळले, तरी एक कोपरा थरथरलाच.

"वा," दिग्दर्शक कुजबुजले. "शुद्ध येतेय. कशी बारीक दाखवतेय बघा पोरगी."

भिंगरी त्या दिवशीही रडत घरी गेली. हसू दाबणे म्हणजे अभिनय असेल तर काउंटरवर बसून अवघड गिऱ्हाइकांपुढे तो रोजच करावा लागेल, असे तिला वाटले.

सिनेमा लागला. तिघे शेजारी शेजारी बसले, वडील मधे. गाडी आली, किंकाळी आली आणि पुढच्या क्षणाला पडद्यावर इस्पितळ. मरण साफ कापलेले. भिंगरीने खुर्चीचे हात घट्ट धरले. आता मी निपचित पडणार आणि आत्या बोलणार, संपलेच सगळे, असे तिच्या मनात आले.

पण आत्या बोलू लागली तशी थेटरात हालचाल थांबली. मागच्या रांगेतल्या एका बाईने हुंदका दिला. मग खाटेवरच्या मुलीच्या ओठांचा कोपरा थरथरला आणि सबंध थेटर पुढे वाकले. तिथून पुढे नायिका कोर्टात जीव तोडून भांडत होती, पण लोक आपसांत विचारत होते, "ती मुलगी उठते की नाही?" शेवटच्या पार्टीत नायिकेच्या खांद्यामागे आइस्क्रीमचा चमचा दिसला मात्र, कोणीतरी ओरडले, "अरे, बरी झाली रे!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की नायिकेचे खरे अश्रू त्यात वाहून गेले. आत्या उठून चारी दिशांना हात जोडू लागली. वडिलांनी तिला पदर धरून खाली बसवले.

दुसऱ्या दिवसापासून घरातला फोन तापला. भिंगरीला तीन सिनेमांची बोलावणी आली. वडिलांनी मात्र अजून आपला निकाल दिला नव्हता.

"बाबा, पटलं का तुम्हाला?" तिने अखेर विचारले.

"लोकांना पटलं, ते दिसलंच. पण खोटं कशाला बोलू? तू झोपली होतीस. ताई बोलत होती."

भिंगरीला राग आला, कारण ते खरे होते. "माझं काम त्यांनी कापून टाकलं, बाबा. खरं काम तेच होतं. तुम्ही ते एकदा बघा. मग म्हणाल तर उद्यापासून काउंटरवर बसते."

संकलकाने कापलेला तुकडा जपून ठेवला होता. वडिलांनी खोलीत शिरून चष्मा पुसला, नीट बसवला आणि लावायला सांगितले. पडद्यावर भिंगरीने हात शोधला, ओठ उघडले, ती बारीकशी हसली. वडील तुकडा संपायच्या आत उठले आणि बाहेर गेले. भिंगरी मागोमाग धावली. ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"जाताना तुझी आई अशीच हसली होती," ते म्हणाले. "तुला कोणी सांगितलं होतं?"

"नाही, बाबा. कोणीच नाही."

मग त्यांनी चष्मा चढवला.

"असलं काम पुन्हा करायचं नाही."

भिंगरीचा चेहरा पडला. "म्हणजे दुकानात?"

"दुकानात कशाला? तुला हे येतं, माझी खात्री पटली. सिनेमातच काम कर. हवं तेवढं कर. फक्त मरायचं नाही. पडद्यावर असलं म्हणून काय झालं, मी बघू शकत नाही."

भिंगरी त्यांच्या गळ्यातच पडली. जिन्यावरून येणाऱ्याजाणाऱ्यांना वळसा घालून जावे लागले.

तेव्हापासून तिच्या तारखा वडील बघतात, दुकानातूनच. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता ते पटकथा ऐकतात आणि एकच प्रश्न विचारतात. सिनेमात लिहिणाऱ्यांनाही आता ठाऊक झाले आहे. भिंगरी आगीत सापडते, पुरात वाहून जाते, विमानातून पडते, पण शेवटच्या दृश्यात घरी परत येते. लोकही बिनघोर तिकीट काढतात, कारण रडायला मिळाले तरी ती सुखरूप घरी पोचणार याची त्यांना खात्री असते. वर्षभरात ती नायिका झाली ती अशी.

मध्यंतरी एका फार मोठ्या दिग्दर्शकाचा फोन आला. भूमिका नायिकेचीच, सिनेमा तिच्याभोवतीच फिरणारा. वडिलांनी ठरलेला प्रश्न विचारला.

"हो, शेवटी मरते ती," दिग्दर्शक म्हणाले. "तोच तर कथेचा प्राण आहे."

"मग जमायचं नाही."

"अहो, इतकी चांगली भूमिका सोडता? कोणीतरी मेल्याशिवाय ही कथा उभीच राहत नाही."

वडील विचारात पडले. मुलीच्या आयुष्यात अशी संधी रोज येत नाही, हे त्यांनाही कळत होते.

"कोणीतरी मेलं म्हणजे झालं ना?" त्यांनी विचारले. "मग माझ्या बहिणीला मारा. तिची मला काळजी नाही."

आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला. "मरते मी. पण आधी विचार, मरण्यापूर्वी बोलायला किती वेळ देणार?"