चिमाबाई दिसत नाहीत

चिमाबाईंनी खुर्ची कॉम्प्युटरच्या आणखी जवळ ओढली, चष्मा पदराने पुसला आणि पडद्यावरचं पान पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"झुंबर दिसती," त्या म्हणाल्या. "आमचं मालक दिसत्यात. म्हस दिसती. मी कुठंय?"

"सगळ्यात वर तुमीच हाये, मावशी," गोकुळ म्हणाला. "मोठा फोटो टाकलाय. लोड व्हतोय. येईल आत्ता."

दोघं थांबले. खालच्या किराणा दुकानात कुणीतरी पोतं टाकलं. म्हैस अगदी स्वच्छ दिसत होती, तिच्या पापण्यासुद्धा मोजता आल्या असत्या. वरची जागा मात्र पांढरी ती पांढरीच राहिली.

चिमाबाई आणि त्यांचे यजमान भिका मढच्या अलीकडच्या एका वाडीत राहत. माळशेजकडे जाणारी पुण्याची मंडळी त्यांच्या पडवीत जेवायला थांबत. मासवडी, रस्सा, नाचणीची भाकर आणि घरचा भात. शेजारच्याच दारात राहणारी धाकटी जाऊ झुंबरबाई भाकऱ्या थापायला येई. पाहुणे वाढावेत म्हणून वेबसाइट करायचं ठरलं, आणि जुन्नरच्या बाजारपेठेत वेबसाइट करून देणारा गोकुळ चिमाबाईंच्या माहेरचा निघाला. त्यामुळे तो भाचा झाला आणि काम त्याच्याकडे गेलं.

गोकुळ कामात चोख होता. आपल्या ब्राउझरला त्याने तीन एक्स्टेंशन जोडली होती आणि ती न जोडणारे लोक दार सताड उघडं टाकून झोपतात, असं त्याचं मत होतं. पहिलं एक्स्टेंशन जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या कंपन्या अडवायचं. दुसरं सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मेल, क्रिकेट आणि व्हिडिओ बंद ठेवायचं, कारण या तीन गोष्टींत त्याचा दिवस जायचा. रविवारी तेवढी सूट होती. तिसरं त्याने केलेलं पान मोबाइलवर कसं दिसेल ते तिथल्या तिथे दाखवायचं.

आता झालं होतं असं, की पहिल्याच भेटीत चिमाबाई म्हणाल्या होत्या, "माझा फोटू जाहिरातीवानी झळकला पायजे." म्हणून गोकुळने पानाच्या माथ्यावर एक चौकट केली आणि तिला इंग्रजीत नाव दिलं 'टॉप ॲड बॅनर'. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेंशनने ते नाव वाचलं, ही जाहिरातच आहे अशी खात्री करून घेतली आणि चिमाबाईंना गिळलं. हे फक्त गोकुळच्या कॉम्प्युटरवर घडत होतं. बाकी जगाला चिमाबाई दिसत होत्या. एवढं कळायला गोकुळला तीन आठवडे लागले.

"फोटोच खराब आला असंल," तो म्हणाला. "दुसरा काढू."

खिडकीजवळ उभं करून त्याने दोन फोटो काढले, एक हसरा आणि एक गंभीर. दोन्ही त्याच नावाच्या एकेका नव्या चौकटीत टाकले. दिसले नाहीत. मग त्याने तिसऱ्या एक्स्टेंशनने मोबाइलवरचं रूप तपासलं. तेही त्याच ब्राउझरमध्ये असल्याने तिथेही म्हैसच दिसली.

"मोबाइलवर पण नाय," गोकुळ म्हणाला. "म्हंजी फोटोतच घोळ हाये."

पुढच्या सोमवारी चिमाबाई हिरवं लुगडं नेसून आल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी नथ घालून, आणि त्यानंतर घरून परात आणून तिच्यासह. एसटीत परातीला जागा मिळेना म्हणून ती त्यांनी जुन्नरपर्यंत मांडीवर धरली होती. दर खेपेला दोन-तीन फोटो निघाले, आधीच्या चौकटीची नक्कल करून चढवले गेले आणि दिसले नाहीत. जे दिसतच नाही ते काढून कशाला टाकायचं, म्हणून गोकुळने जुने तसेच राहू दिले. प्रत्येकाखाली त्याने न चुकता लिहिलं, 'आमच्या मुख्य स्वयंपाकीण'. असे अकरा फोटो झाले.

चौथ्या खेपेला चिमाबाईंनी पडद्याकडे पाठ केली. परात काखोटीला मारून उठल्या आणि दारात थांबल्या.

"गोकुळ, खरं सांग. झुंबरनं सांगितलंय का तुला, माझा फोटू लावू नको म्हणून?"

"नाय वं, मावशी. त्या कशाला सांगतील?"

"तिचा बरा पैल्या झटक्यात आला."

त्या दिवसापासून चिमाबाईंनी झुंबरबाईंशी बोलणं टाकलं. झुंबरबाईंना कारण कळलं नाही, पण कारण विचारायला जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. दोन दारांच्या मधल्या भिंतीला दोन्हीकडून पाठ फिरली. भाकऱ्या चिमाबाई स्वतःच थापू लागल्या. भिका दोन्हीकडे चहा प्यायचा आणि दोन्हीकडे गप्प बसायचा.

अशातच शुक्रवारी भिकाला फोन आला. वाडीत रेंज नव्हती. ती देवळामागच्या खडकावर उभं राहिलं आणि उजव्या अंगाला कललं की मिळायची. भिका कलून उभा राहिला. पलीकडे पुण्याच्या सबनीसबाई होत्या. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा त्यांचा एक गट होता.

"आम्ही पंचावन्न जण रविवारी येतोय," सबनीसबाई म्हणाल्या. भिकापर्यंत त्यातलं "आम्ही पंच... जण" एवढं आलं.

"पाच जण. चालंल की."

"आणि तुमच्याकडे अकरा आहेत ना? वेबसाइटवर पाहिलं."

"व्हय, अकराच. अकराला या."

सबनीसबाईंचं समाधान झालं. तरी माणूस व्यवस्थित असल्याने त्यांनी सगळं मेलवरही लिहून पाठवलं. वेबसाइटवर मेलचा पत्ता गोकुळचा होता आणि गोकुळचं दुसरं एक्स्टेंशन आपलं काम चोख करत होतं. सातनंतर तो कॉम्प्युटरला हात लावत नसे. मोबाइलवर त्याने मेल घेतलाच नव्हता. लक्ष विचलित होतं म्हणून.

रविवारी सकाळी, सूट असल्याने, त्याने चहा पितापिता मेल उघडला. 'आम्ही पंचावन्न जण रविवारी अकरा वाजेपर्यंत पोचतो. आपल्याकडील अकरा स्वयंपाकिणींचे फोटो पाहून निर्धास्त झालो.' गोकुळने तो दोनदा वाचला. पंचावन्न कळले, अकरा कळल्या नाहीत. भिकाचा फोन लागेना. तेव्हा मंडईतून बेसन, तीळ, सुकं खोबरं आणि मिळेल तेवढी कोथिंबीर घेऊन त्याने मोटारसायकल मढच्या रस्त्याला लावली.

तो पोचला तेव्हा चिमाबाई पाच माणसांच्या मासवड्यांचं बेसन घेरत होत्या.

"पाच न्हाईत, मावशी. पंचावन्न येत्यात."

चिमाबाईंनी पळी खाली ठेवली आणि भिकाकडे पाहिलं.

"मला पाचच ऐकू आलं," भिका म्हणाला.

"पन्नास माणूस वाऱ्यावर गेलं व्हय?"

"रेंज कमी व्हती."

रश्श्यात पाणी वाढवता येतं, मासवडीत नाही. ती एकेक करून थापावी लागते, सारण भरून वळावी लागते आणि दोन हातांनी पंचावन्न जणांची होत नाही, हे चिमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. मग त्या हात धुऊन शेजारच्या दारात गेल्या. दारातूनच म्हणाल्या, "झुंबर, पंचावन्न माणूस येतंय."

झुंबरबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाचा फोटू बघून?"

चिमाबाईंना हे उत्तर फार जड गेलं. "तुझाच असंल," त्या म्हणाल्या. "माझा न्हाईच त्यात."

झुंबरबाईंनी सूप बाजूला ठेवलं. अबोल्याचं कारण त्यांना त्या एका वाक्यात कळलं असावं. उठून त्यांनी पदर खोचला आणि वाडीत हाक दिली. गोजरबाई आली, भागूची बायको आली, तिच्या मागून तिची सासू आली. अर्ध्या तासात पडवीत नऊ बायका आणि चार चुली झाल्या.

अकराला दोन बस आल्या. चिमाबाईंनी भिकाला कोपऱ्यात घेऊन बजावलं, "त्यांना धरणाकडं फिरवून आणा. लवकर आणू नका."

भिकाने हे काम मनावर घेतलं. पंचावन्न निवृत्त माणसांना त्याने धरणाचं पाणी दाखवलं, भाताची कापलेली खाचरं दाखवली आणि म्हशीचा दोन पिढ्यांचा इतिहास सांगितला. दीड वाजता ते परत आले तेव्हा इतके भुकेले होते, की पहिली दहा मिनिटं कुणी बोललंच नाही. रस्सा तीनदा फिरला. मासवडी माणशी दोन आली, काहींना अडीच.

जेवणं झाल्यावर सबनीसबाई आभार मानायला स्वयंपाकघराशी आल्या. त्यांना मोजायची सवय होती.

"नऊच दिसताय. उरलेल्या दोघी कुठे आहेत?"

"कोण दोघी?" चिमाबाईंनी विचारलं.

"वेबसाइटवर अकरा आहेत." सबनीसबाईंनी फोनमध्ये साठवून ठेवलेलं पान पुढे धरलं. "आम्हाला वाटलं, सख्ख्या बहिणी असतील. चेहरेपट्टी एकच आहे म्हणून."

चिमाबाईंनी हात पुसून फोन घेतला. हसऱ्या चिमाबाई होत्या, गंभीर चिमाबाई होत्या, हिरव्या लुगड्यातल्या, नथवाल्या आणि परात घेतलेल्या चिमाबाई होत्या. बोटाने वर सरकवत त्या जात राहिल्या आणि स्वतःच भेटत राहिल्या. सगळ्यात खाली, फार उशिराने, झुंबरबाई आणि म्हैस आली.

गोकुळ मागे उभा राहून बघत होता. चौकटीचं नाव त्याला आठवलं होतं.

"मावशी," तो म्हणाला, "माझ्या मशीनमधी जाहिराती गिळायचं एक बसवलंय. त्यानं तुमाला जाहिरात समजून गिळलं."

"आन् यांच्या मशीनमधी?"

"यांनी तसलं काय बसवलं नसंल."

चिमाबाईंनी विचार केला. "म्हंजी ज्यांना यातलं काय कळत न्हाई, त्यांना मी दिसत व्हते."

"व्हय," गोकुळ म्हणाला.

सबनीसबाईंनी विषय तिथेच सोडला, कारण बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. पाहुणे गेल्यावर नऊ जणी जेवायला बसल्या. चिमाबाईंनी झुंबरबाईंचं ताट आधी वाढलं आणि राखून ठेवलेली एक अख्खी मासवडी त्यात ठेवली.

"एवढी नगं," झुंबरबाई म्हणाल्या.

"खा गुमान," चिमाबाई म्हणाल्या. अबोल्याचा निकाल एवढ्यात लागला.

सबनीसबाईंच्या ओळखीने पुढच्या रविवारसाठी चाळीस जणांनी विचारलं. एकटीचं काम राहिलं नाही म्हणून नऊही जणींनी मिळून ते करायचं ठरवलं. गोकुळने येऊन अंगणात सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला, चौकटीचं नाव बदलून 'मंडळी' ठेवलं, अकरा चिमाबाई काढून टाकल्या आणि तीनही एक्स्टेंशन बंद करून पान तपासलं. मग खात्रीसाठी खालच्या किराणा दुकानदाराच्या मोबाइलवरही पाहिलं.

गुरुवारी चिमाबाई जुन्नरला आल्या. माडीचा जिना चढून खुर्ची ओढून बसल्या. या खेपेला झुंबरबाई सोबत होत्या. फोटो पटकन आला. चिमाबाईंनी चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकल्या आणि एका टोकापासून बोट फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या.

"दिसला का, मावशी?" गोकुळने विचारलं.

"दिसले," चिमाबाई म्हणाल्या. "पण जरा हुडकावं लागलं."